एकच गड, पाच फेऱ्या: हरिश्चंद्रगडावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी भटकंती चालते, बरेच गड पाहून झाले, हार्ड डिस्क भरत आली, पण फोटो सगळे एकसारखेच वाटतात. आता जुलैत हरिश्चंद्रगडला जायचंय, तर कोणती लेन्स घेऊ? आणि फिरण्याने माणूस घडतो म्हणतात, ते फोटो काढणाऱ्याच्या बाबतीत नेमकं कसं होतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लेन्सचं उत्तर त्यातूनच निघतं. पुढचं वर्षभर नवा गड करू नका. हरिश्चंद्रगड ठरलाच आहे तर त्याच गडावर चार-पाच वेळा जा, वेगवेगळ्या ऋतूंत. नव्या जागी पहिल्यांदा गेलं की डोळा ओळखीचं चित्र शोधत असतो. दुसऱ्यांच्या फोटोंत पाहिलेला कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतला तो एक शाबूत खांब, हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचं शिखर. आपणही तेच घेऊन खाली उतरतो. चाळीस गड म्हणजे अशा चाळीस पहिल्या भेटी. तुमचे फोटो एकसारखे दिसतात ते त्यामुळे; त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. दुसऱ्या फेरीत ओळखीची चित्रं हातावेगळी झालेली असतात. तिसऱ्या फेरीत पुष्करणीच्या कोनाड्यांवर ऊन किती वाजता येतं, धुकं कुठल्या घळीतून वर चढतं, हे कळायला लागतं. खरं काम तिथून सुरू होतं.

आता उजेडाचं गणित. गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा मऊ उजेड) हा शब्द सगळे वापरतात, पण ज्या शिकवण्यांतून तो आला त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत. तिथे सूर्य तिरका उतरतो म्हणून मऊ उजेड तासभर टिकतो. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, तासाला साधारण १४ अंश. क्षितिजाच्या वरचे शेवटचे ६ अंश उतरायला त्याला जेमतेम २५ मिनिटं लागतात आणि मावळल्यावरचा संधिप्रकाशही तेवढाच. उन्हाळ्यात कोकणावर धूसर थर असतो, त्यात सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विझतो, म्हणजे आणखी पाच-दहा मिनिटं गेली. मंदिरापासून कोकणकड्यापर्यंत चालायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. ‘ऊन मऊ झालं की निघू’ असं म्हणणारा कड्यावर पोचतो तेव्हा काम संपलेलं असतं. सूर्यास्ताच्या दीड तास आधी कड्यावर असावं, ट्रायपॉडची जागा ठरलेली असावी आणि दोन पर्यायी जागा पायाखालून घातलेल्या असाव्यात.

सूर्य मावळण्याची जागाही सरकते. २१ जूनला तो ठीक पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर मावळतो, २१ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. वर्षभरात पन्नास अंशांचा फरक पडतो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून, आत वाटीसारखा वळलेला आहे. त्यामुळे कड्याच्या कुठल्या बाजूच्या कातळावर शेवटचं ऊन पडेल हे महिन्यागणिक बदलतं. हे ॲपवर दिसतं, पण वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं. तारीख, वेळ, वारा कुठून, ढग कुठल्या उंचीवर आणि कुठे उभं राहून काय दिसलं. प्रत्येक फेरीत एवढ्या पाच ओळी पुरे.

जुलैच्या फेरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माणसं आणि कॅमेरे दोन्ही याच महिन्यात अडचणीत येतात.

वाट पायथ्याच्या पाचनई गावाची घ्या. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण लांब आहे आणि खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा पावसात निसरडा होतो. त्याच्या वरच्या टेकाडांमध्ये धुक्यात वाट चुकणं नेहमीचं आहे. नळीच्या वाटेचं नावही पावसाळ्यात काढू नका. पाचनईहून दोन-अडीच तासांत माणूस माथ्यावर पोचतो. कॅमेरा काढत गेलात तर साडेतीन धरा. वाटेचा जीपीएस ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण मंदिराकडून कड्याकडे जाताना धुकं दाटलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. जोराचा पाऊस असेल तेव्हा प्रशासन पर्यटनस्थळं बंद ठेवतं. निघण्याआधी गावात ज्यांच्याकडे जेवणार आहात त्यांना फोन करून विचारा. वाटेवरच्या ओढ्यांची खरी परिस्थितीही तेच सांगतील.

ओढ्याची एक खूण पक्की लक्षात ठेवा. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, तर वर कुठेतरी जोरात कोसळतोय. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी पाणी वाढणार. अशा वेळी पलीकडे जाऊ नका, आणि आधीच पलीकडे असाल तर पाणी ओसरेपर्यंत उंच जागी थांबा. ओढ्याच्या मधल्या दगडावर ट्रायपॉड मांडून एक-एक सेकंदाचे शॉट घेणाऱ्याला हा बदल सगळ्यात उशिरा कळतो, कारण त्याचं लक्ष स्क्रीनवर असतं. सोबतच्या एकाने फक्त पाण्यावर नजर ठेवायची, हे आधीच ठरवून घ्या.

कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू थेट पाऊस नाही, दमटपणा आहे. पुण्या-मुंबईहून एसी लावलेल्या गाडीतून गेलात आणि पाचनईत उतरून लगेच कॅमेरा काढला, तर थंड काचेवर बाष्प धरतं. बाहेरून पुसता येतं, पण तेच लेन्सच्या आतल्या काचांवर धरलं तर तासभर जात नाही. शेवटचा अर्धा तास एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या. तेच रात्रीही होतं. गार वाऱ्यातून चुलीच्या उबेला आलात की पिशवी उघडायची नाही. कपडे बदला, चहा घ्या, अर्ध्या तासाने उघडा.

पावसात चालताना माझा भर साध्या छत्रीवर असतो. पोंचो वाऱ्यात तोंडावर येतो आणि कॅमेऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मोठी छत्री, जाड प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडने हूडवर (लेन्सच्या तोंडावरच्या आडोशावर) बसवलेलं कव्हर आणि चार-पाच मायक्रोफायबर फडकी. ती वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा, म्हणजे एक भिजलं तरी सगळी भिजत नाहीत. लेन्स कायम जमिनीकडे तोंड करून धरा, शॉटच्या वेळेसच वर.

लेन्सचं उत्तर इथे येतं. पावसाळ्यात बहुतेक जण १६-३५ सारखी वाइड लेन्स घेऊन निघतात आणि तिथेच चुकतात. वाइड लेन्सचं हूड उथळ असतं, थेंब थेट काचेवर येतात. त्यात लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ १६, ठेवलं की तो प्रत्येक थेंब फोटोत पांढऱ्या डागासारखा उमटतो. ५० किंवा ८५ मिमीचं हूड खोल असतं, थेंब कमी पोचतात. मोठ्या छिद्रावर, म्हणजे एफ ४ किंवा ५.६ वर, जो एखादा पोचतो तोही विरघळून जातो. धुक्यात डोंगराचे एकामागे एक थर दिसतात, तेही लांब लेन्सनेच नीट उमटतात. तेव्हा जुलैत एक बॉडी आणि २४-१०५ किंवा २४-१२० अशी एकच लेन्स घ्या आणि तिचा वापर मुख्यतः ५० च्या पुढे करा. पावसात लेन्स बदलायची वेळच येऊ देऊ नका. ट्रायपॉड सोडून सगळं सामान ३ किलोच्या आत बसवा. त्याहून जास्त झालं की उतरताना गुडघे बोलतात आणि तोल जातो.

धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. सगळीकडे पांढरं दिसलं की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, म्हणून फोटो मळकट येतात. ⅔ ते १⅓ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकलाय पण भिंतीला चिकटलेला नाही, एवढं पाहा. ऑटोफोकस धुक्यात मागेपुढे भटकत राहतो. झाडाची काळी फांदी, कातळाची कड अशी ठळक रेघ धरून फोकस लॉक करा. धुक्याची खिडकी उघडते ती काही सेकंदांसाठीच, त्यामुळे एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ऑटो १६०० पर्यंत, हे आधीच लावून ठेवा. खिडकी उघडल्यावर डायल फिरवत बसलात तर पुढची खिडकी कधी उघडेल सांगता येत नाही.

धबधब्याला लोक फार लांब एक्स्पोजर देतात आणि पाण्याची लोकर होते. पाण्याला वजन दिसायला हवं असेल तर १/४ ते १/२ सेकंद पुरे. पोलरायझर फिल्टर लावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चकाकी जाते आणि मूळ रंग दिसतो. त्यानेही भागलं नाही तर सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर), ज्याने १/६० चा शॉट सेकंदावर येतो. पावसाच्या रेघा हव्या असतील तर मागे काळा कातळ किंवा गर्द झाडी घ्या आणि शटर १/६० च्या आसपास ठेवा. १/५०० ला रेघांचे ठिपके होतात.

आणि तो हिरवा रंग. सह्याद्रीचा पावसाळी हिरवा आधीच इतका गडद असतो की फोनवर आणखी सॅच्युरेशन दिलं की तो प्लास्टिकचा होतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, आणि घरी हिरवा व पिवळा थोडे उतरवा, चढवू नका. गवताची हिरवी, शेवाळाची हिरवी, भाताच्या रोपांची पोपटी, कारवीच्या पानांची काळपट हिरवी, या वेगवेगळ्या दिसल्या तर फोटो त्या जागेचा झाला.

कोकणकड्याच्या काठाबद्दल कडक नियम ठेवा. कड्याचा माथा बाहेर झुकलेला आहे, म्हणजे तुम्ही उभे आहात त्याच्या खाली दगड असेलच असं नाही, आणि पावसाळ्यात गवताने भेगा झाकलेल्या असतात. काठापासून दोन मीटर मागे थांबायचं. खाली पाहायचं तर पोटावर झोपून, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात आणि पाय धरायला मागे माणूस. कड्यावरून वारा खालून वर येतो. जोराचा असला की पडणारं पाणी उलटं उडवतो आणि लेन्स क्षणात भिजते. उलट्या धबधब्याचा फोटो म्हणूनच बाजूने, वाऱ्याच्या आडून घ्यावा. ट्रायपॉड कमरेच्या खाली, मधली नळी खाली दाबलेली. ट्रायपॉडला वजन म्हणून पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकेल अशी. अधांतरी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि फोटो हलवते. चालताना कॅमेरा पिशवीत, आणि कॅमेरा डोळ्याला असताना पाय जागेवर. या एका सवयीने बहुतेक अपघात टळतात.

परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवा. पाचनईहून दुपारी १ पर्यंत माथा गाठला नाही तर तिथूनच उतरायचं, हे गटातल्या सगळ्यांना माहीत हवं. फोटो काढणारा माणूस गटाचा वेग कमी करतो आणि ‘आणखी पाचच मिनिटं’ म्हणत अंधार ओढवून घेतो. तुम्ही विचारता ती वाढ सगळ्यात स्पष्ट इथे दिसते. ढग फुटतोय, उजेड येतोय, आणि घड्याळात १ वाजलाय. अशा वेळी ज्याला कॅमेरा पिशवीत टाकून उतरता येतं तो त्या गडावर पुढच्या महिन्यातही येऊ शकतो. पुन्हा यायचंच आहे हे पक्कं असलं की परत फिरणं सोपं जातं. पाच फेऱ्या ठरवण्याचं हे आणखी एक कारण.

घरी आल्यावर त्याच रात्री कॅमेरा बाहेरून पुसून, बॅटरी आणि कार्ड काढून, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी हवाबंद डब्यात. डब्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं मीटर. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर हवा. ६० च्या वर राहिला की लेन्समध्ये बुरशी धरते आणि ती वाढली तर काचेवरचं कोटिंग खाते, मग साफ करूनही डाग राहतो. ३० च्या खाली फार दिवस ठेवलं तर रबर आणि आतलं वंगण सुकतं. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा चालते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. तांदळाची पूड फटींतून आत जाते.

बाकीच्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर ही सगळ्यात चांगली वेळ. पावसाने हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर स्वच्छ दिसतात, गवत अजून ओलं असतं. इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यावर दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, आशा धरायची तीही तेव्हाच. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी याच कड्यावरून ते पाहिल्याची नोंद आहे. कडा पश्चिमेला असल्यामुळे सूर्य पाठीमागे असावा लागतो, म्हणजे सकाळी. कोकणाच्या बाजूला धुकं कड्याच्या जरा खालपर्यंत भरलेलं हवं आणि मागचं आकाश मोकळं. रंगांची वर्तुळं तुमच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतात. शेजारच्याला ती त्याच्या डोक्याभोवती दिसतात, म्हणून फोटोत केंद्र कायम कॅमेऱ्याच्या सावलीवर येतं. ५० ते १०० मिमी, ⅔ स्टॉप जास्त, रॉ. सूर्य, धुकं आणि मोकळं आकाश या तीनही गोष्टी जुळल्या नाहीत तर ते दिसत नाही आणि बहुतेक सकाळी त्या जुळत नाहीत. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला की कडा आणि उंच टेकाडं सोडून खाली या. धातूचा ट्रायपॉड खांद्यावर उभा धरून चालू नका.

डिसेंबरात उजेड तिरका असतो, मंदिराचं कोरीवकाम आणि केदारेश्वराची गुहा यांच्यासाठी ती फेरी ठेवा. गुहेत आत गडद अंधार आणि तोंडाशी लख्ख उजेड, एका शॉटमध्ये दोन्ही बसत नाही. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन शॉट घेऊन घरी जोडा. लोक पिंडीभोवतीच्या गार पाण्यातून प्रदक्षिणा घालत असतात, त्यांच्या वाटेत ट्रायपॉड रोवू नका. एप्रिल-मेमध्ये अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा मधला पट्टा मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे चांगला वर येतो. २० मिमी, एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद. पश्चिमेला शहरांचा उजेड आहे, तो चौकटीबाहेर ठेवा. हे सगळं अभयारण्याच्या हद्दीत येतं, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन घरीच राहू द्या.

माणसांचे फोटो हा वेगळा विषय आहे, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही. जुलैत पाचनईच्या शेतांत आवणी (भाताची लावणी) चालू असते. डोक्यावर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका लांबूनच टेलिफोटोने टिपून निघून जाणारे खूप आहेत. बांधावर जा, ‘मावशी, फोटो काढू का?’ म्हणून विचारा. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर लगेच काढू नका. पहिल्या मिनिटाला सगळ्या ताठ उभ्या राहतात आणि पदर सारखा करतात. दहा मिनिटं बांधावर बसा, त्या पुन्हा कामाला लागतील, मग रोपांची जुडी सोडवणारे हात, चिखलात रुतवलेला अंगठा, पुढच्या ओळीकडे टाकलेली नजर दिसायला लागते. ३५ किंवा ५० मिमी पुरतं, कारण आता तुम्ही जवळ आहात. पैसे हातावर ठेवू नका, गावातल्या घरी जेवा आणि त्याचे नीट पैसे द्या. ‘फोटो पाठवतो’ म्हणालात तर पाठवायचाच. प्रिंट काढून पुढच्या फेरीत हातात द्यायची, हे सगळ्यात बरं. ८ बाय १२ इंचासाठी ३०० डीपीआयने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, तेवढे आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यात असतात. प्रिंट घेऊन गेलात की ओळख होते, आणि पुढचे फोटो त्या ओळखीतून येतात.

निवडीबद्दल. फेरीवरून आल्यावर पहिले दोन आठवडे फोटो निवडू नका. चढण्याचे कष्ट ताजे असतात, त्यामुळे ज्या फोटोसाठी जास्त दमलात तो जास्त चांगला वाटतो. पंधरा दिवसांनी पाहा, प्रत्येक फेरीतले दहाच ठेवा, लहान प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि महिनाभर येता-जाता बघा. जो बघवेनासा होईल तो काढा. पाचव्या फेरीनंतर भिंतीवर उरलेले बारा-पंधरा फोटो एकत्र मांडलेत की तुमची नजर कुठे वळते ते तुम्हालाच दिसेल. कुणाची उजेडाकडे, कुणाची माणसांच्या हातांकडे, कुणाची कातळाच्या पोताकडे. पुढचा गड आणि पुढची लेन्स दोन्ही त्यावरून ठरवा.

आणि सुरुवात जुलैत करू नका. पहिली फेरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा, पाऊस ओसरल्यावर गड पायाखालून घाला, ओढे कुठे आडवे येतात आणि कड्याचा काठ कुठे संपतो ते उघड्या हवेत बघून घ्या. मग ऑक्टोबर, डिसेंबर, एप्रिल. पावसाची फेरी पाचवी.